हवा पिणारा चुना

आबा, मशीन चाललं! परवापासून हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटतंय, आणि आता सगळ्यांना सांगून झालंय. आईला दोनदा फोन केला, ती म्हणाली, "बरं झालं बाई, जेवलीस का?" सोसायटीच्या वॉचमनला सांगितलं. रिक्षावाल्याला तर येरवड्यापासून हडपसर येईपर्यंत सोडलं नाही, उतरताना तो म्हणाला, "मॅडम, हवा शुद्ध करताय ते बरंय, पण सुट्टे असतील तर द्या." राहिलात ते तुम्हीच. खरं तर सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की भिंतीवरचा तुमचा फोटोही आता फिका पडलाय. म्हणून म्हटलं, रविवार आहे, शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही, मशीन शेजारी घुमतंय, निवांत लिहून काढू.

मशीन म्हणजे काय ते आधी सांगते. हडपसरला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला एक जुनी पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही पाच जण तीन वर्षं एक यंत्र बनवतोय. चांगलं दोन खोल्यांएवढं धूड आहे. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं. गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातून वर जाऊन बसलेला, ज्याच्यामुळे सगळी पृथ्वी तापत चाललीय, तोच वायू. नवीन धूर थांबवायला हवाच, पण जो आधीच वर गेलाय त्याचं काय? तो परत खाली ओढायचा, टाकीत भरायचा आणि पुन्हा सुटणार नाही असा दगडाच्या पोटात नाहीतर काँक्रीटमध्ये कोंडून टाकायचा. लोकांना वाटतं, आत काहीतरी अवकाशातलं रसायन असणार. आबा, आत चुना आहे! तुमचाच चुना! ॲल्युमिनियमची मोठमोठी ताटं, बेकरीत पावाचे ट्रे लावतात तशी एकावर एक लावलेली, आणि प्रत्येक ताटात चुन्याचा पातळ थर. एका बाजूनं पंखे हवा आत ढकलतात, दुसऱ्या बाजूनं ती बाहेर पडते, आणि मधल्यामध्ये चुना त्यातला कार्बन पिऊन घेतो. माझ्याबरोबरची मुलं मोठमोठ्या कॉलेजांतून आलीत. हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलं. मी ते येरवड्याच्या आपल्या मोरीशेजारी, तुमच्या लोखंडी पिंपाशी उकिडवी बसून ऐकलेलं आहे.

ते पिंप मला अजून दिसतं. तुम्ही कळीचा चुना पिंपात टाकताय, वरून पाणी ओतताय आणि मला दटावताय, "मागं हो, डोळ्यात जाईल." पाणी पडलं की ते पांढरे दगड चरचरायचे, फुटायचे आणि चूल नसताना पिंप रटारटा उकळायला लागायचं. मला तो जादूचा प्रयोग वाटायचा. आई आतून ओरडायची, "तिकडं तुमचा चुना शिजतोय, इकडं माझी डाळ शिजू द्या, पोरीला पाठवा आत!" मग तुम्ही काडीनं ढवळत सांगायचात की हा मुळात दगड. भट्टीत भाजला की त्याच्यातली हवा निघून जाते आणि तो तहानलेला होतो. भिंतीवर मारला की हळूहळू तीच हवा पितो आणि परत दगड होतो. "चुना वाळत नसतो," तुम्ही म्हणायचात, "चुना हवा पितो." चौथी शिकलेला माणूस होतात तुम्ही. आमची अख्खी कंपनी या एका वाक्यावर उभी आहे. फरक एवढाच, की तेव्हा भट्टीतली हवा आभाळात निघून जायची. आमची भट्टी विजेची आणि बंद आहे. हवा पिऊन दगड झालेला चुना आम्ही तिच्यात पुन्हा भाजतो, निघालेला वायू नळीनं टाकीत जातो आणि तहानलेला चुना परत ताटात. पुन्हा पी, पुन्हा भाज.

एकदा तुम्ही मला बदडायचंच बाकी ठेवलं होतं, आठवतं? आपल्या आतल्या खोलीला तुम्ही चुन्याचे दोन हात दिले होते आणि मला लवकर झोपायला खोली हवी होती, म्हणून मी टेबलफॅन आणून भिंतीसमोर फुल्ल स्पीडवर लावला. तुम्ही आलात, खटकन बटण बंद केलंत. "शाणी झालीस? वाऱ्यानं वाळवायची नसते भिंत. पाण्याशिवाय त्यानं हवा प्यायची कशी? कोरडा घास तुला तरी उतरतो का?" मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीला पाणी मारायला लावलंत. मारायचं म्हणजे ओतायचं नाही. कुंचा बुडवायचा, झटकायचा आणि बारीक शिंतोडे उडवायचे. झालं की हाताचा मागचा भाग भिंतीला लावून बघायचा. गार लागला पाहिजे, पण ओला होता कामा नये. त्या वयात मला वाटायचं, काय हा छळवाद!

आता एप्रिलचं ऐका. पावसाळ्यात आणि थंडीत मशीन छान चाललं होतं. समोरच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात. एक आत येणाऱ्या हवेतल्या कार्बनची, दुसरी बाहेर पडणाऱ्या हवेतल्या कार्बनची. दोन रेघांत जेवढं अंतर, तेवढा कार्बन चुन्यानं प्यायला. जानेवारीत त्या रेघांमधून हत्ती गेला असता. एप्रिल उजाडला आणि रेघा जवळ यायला लागल्या. जवळ येता येता एकमेकींच्या गळ्यातच पडल्या. म्हणजे हवा येतेय, जातेय आणि चुना ढिम्म. त्यात शुक्रवारी एका मोठ्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. त्यांना पटलं तर पुढचं, खरं मोठं मशीन होणार होतं. नाही पटलं तर शेडला कुलूप आणि आम्ही पाच जण पाच दिशांना. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणाला, "ताई, एअरफ्लो कमी पडतोय. फॅन वाढवू." वाढवले. रेघा आणखी चिकटल्या. "अजून वाढवू." मीही मान डोलावली, आबा. मी! टेबलफॅनवरून बोलणी खाल्लेली मी!

आता मुख्य गंमत. ताटांपाशी ओल हवी हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. ओल मोजायचं यंत्र होतं, आणि ते सांगत होतं की ओल उत्तम आहे. दिवसातून दहा वेळा आम्ही ते बघायचो आणि म्हणायचो, ओल तर ठीक आहे, मग घोडं अडलंय कुठे? गुरुवारी दुपारी मी डोकं धरून कूलरपुढे जाऊन बसले. तुम्ही कधी ही शेड पाहिली नाहीत, पण पत्र्याखाली एप्रिलात माणसाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही आमच्यासाठी मोठा पाण्याचा कूलर आणला होता. त्याचा गार, दमट वारा तोंडावर घेत असताना माझी नजर वर गेली. कूलरच्या बरोब्बर समोर, खांबावर, ते ओल मोजायचं यंत्र लावलेलं! आम्ही पाच शहाणे गारव्याला बसलो होतो आणि यंत्रही आमच्याबरोबर गारव्याला बसलं होतं. तिकडे मागे ताटं उन्हात पापडासारखी वाळत होती, आणि हा गडी आम्हाला महाबळेश्वरचं हवामान सांगत होता. कपाळावर हात मारून घेतला मी.

उठले, मागे गेले, एक ताट ओढलं आणि चुन्यावरून तळवा फिरवला. तळवा पांढरा झाला. चुन्याची कोरडी भुकटी, जरा फुंकली की उडेल अशी. आणि आबा, मी ते ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले, कारण असा तळवा मी आधी एकदा पाहिला होता.

मी पाचवीत होते. जयंतीच्या आधी तुम्ही विहाराला चुना मारलात. दरवर्षी मारायचात, सेवा म्हणून. त्या वर्षी चुना भट्टीवाल्या काकांनी स्वतः टेम्पोत घालून आणून दिला होता, वाघोलीकडून. तुमचे जिवाभावाचे मित्र ते; येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणल्याशिवाय कधी आले नाहीत. दोन हात दिलेत आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचं हडपसरच्या कारखान्यावर काम होतं, म्हणून पाणी मारायचं माझ्यावर सोपवलंत. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. मला जयंतीला भाषण करायचं होतं. पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणार होते, मला दुसरं काही सुचत नव्हतं. जयंतीच्या सकाळी सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि समितीचे अध्यक्ष मात्र निळ्या सुटात. भाषणं सुरू व्हायला वेळ होता, ते भिंतीला टेकून उभे राहिले. वंदनेला पुढे आले तेव्हा त्यांची पाठ पांढरीफटक. पोरं खिदळली. दोघा-तिघांनी भिंतीवरून हात फिरवला, हात पांढरे. अध्यक्षांनी कोट काढला, झटकला आणि सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं, "अहो, भिंत रंगवायची ठरली होती की आमची पाठ?" तुम्ही माझ्याकडे वळलात आणि हळूच विचारलंत, "पाणी मारलं होतंस ना गं?" मी म्हणाले, "हो आबा."

मग मी स्टेजवर गेले, भाषण केलं, टाळ्या घेतल्या. संध्याकाळी तुम्ही वाघोलीला गेलात आणि काकांना म्हणालात, तुझा चुना मेलेला होता, उघड्यावर पडून आधीच हवा प्यायलेला. काकांनी शपथा घेतल्या. तुमचं एकच, "माझ्या हातात खोट नाही, पोरीनं पाणी मारलंय, मग उरलं काय?" त्या दिवसापासून तुम्ही दोघं बोलला नाहीत. पुढच्या वर्षी विहाराला दुकानातला तयार रंग लागला, दुसऱ्याच माणसाच्या हातचा. आणि एवढं सगळं होऊनही त्याच संध्याकाळी परत येताना तुम्ही मला कंपासपेटी आणलीत, भाषण छान केलं म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा काका आले होते. गर्दीत आले नाहीत, कोपऱ्यावर उभे राहिले आणि तिथूनच गेले.

हे सगळं ताट हातात असताना एका क्षणात आठवलं, आणि मग मी जी सुटले! पंखे अर्ध्यावर आणले. ते मोजायचं यंत्र खांबावरून उपटून ताटांमध्ये नेऊन बसवलं. त्याच्या आकड्यानं लगेच मान टाकली. हडपसरच्या बाजारातून गोणपाटं आणवली, भिजवली आणि हवा आत येते त्या तोंडावर पडद्यासारखी टांगली. झाडांना फवारतात तो हातपंप घेऊन ताटांवर पाणी मारत सुटलो. उत्साहाच्या भरात जरा जास्तच मारलं. रेघा सुटेनात. हुशार मुलगा म्हणाला, "ताई, ही थिअरी पण गेली." मी म्हटलं, थांब. हाताचा मागचा भाग ताटाला लावला. ओला झाला. अरे, बुडवलं की आपण त्याला, नाकातोंडात पाणी गेल्यावर तो हवा कुठून पिणार! मग जादाचं पाणी निथळू दिलं आणि पाचही जण दर थोड्या वेळानं मागे जाऊन ताटांना उलटा हात लावून बघायला लागलो, पोराला ताप आहे का बघतात तसा. संध्याकाळ व्हायच्या आत पडद्यावरच्या रेघा सुटल्या. आधी केसाएवढी फट. मग बोटाएवढी. मग, आबा, मी अशी ओरडले की शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं पान्हे हातात घेऊन धावत आली. त्यांना वाटलं, शॉक बसला बाईला!

शुक्रवारी ती मंडळी आली. त्यांच्यात एक वयस्क बाई होत्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आमचं चकचकीत सादरीकरण त्यांनी जांभई आवरत ऐकलं आणि सरळ गोणपाटापाशी गेल्या. "आपण हे कुठून शिकलात?" माझ्या तोंडावर आलं होतं, कुठेतरी वाचलं म्हणून. कॉलेजच्या फॉर्मवर मी तुमचा धंदा "कंत्राटदार" लिहिला होता, तुम्हाला माहीत नाही ते. पण परवा तोंडातून निघालं, "माझे वडील चुना मारायचे. घरांना, विहाराला. त्यांनी शिकवलं." मग त्या बाईंनी हाताचा मागचा भाग ताटाला लावून बघितला आणि म्हणाल्या, "गार आहे. ओला नाही." आणि हसल्या! मोठं मशीन होणार, आबा. त्यांनी जाताना सांगितलं. मुलांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मी गोणपाटामागे जाऊन दोन मिनिटं रडून घेतलं.

आणि काल मी काकांना बोलावलं. नंबर माझ्याकडे कधीचा होता. भट्टी केव्हाच बंद झाली. तिथे आता उंच इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत मुलाकडे राहतात. काठी टेकत आले, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्ये काय गं पोरी, चुन्याच्या भाकऱ्या थापल्यात व्हय?" मी ताट ओढून दिलं. त्यांनी आधी उलटा हात लावला, मग नखानं चुना खरवडून बघितला. नख चाललं नाही. "दगूड झालाय," ते म्हणाले. "जित्ता हाय तुजा चुना. लई जित्ता हाय." बराच वेळ ताटावरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्या बापाला दावाया पायजे हुतं. त्यो म्हनला, माझा चुना मेलेला हाय. मेलेला न्हवता गं. टेम्पो भरला त्या सकाळीच म्या सोता भट्टी फोडून ताजा चुना काढला हुता. कसं काय झालं, मला आजूनबी कळलं न्हाय." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काका, चहा घेणार ना?"

आबा, पाणी मी मारलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मारलं, मग नाही. विहाराच्या पायरीवर बसून भाषण पाठ करत होते. बादली शेजारी भरून ठेवलेली होती आणि भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. मला वाटलं, झालीय की, आता कशाला. त्या बाईंना मी सांगितलं की वडिलांनी शिकवलं. ते अर्धंच खरं. पाणी मारायचं तुम्ही शिकवलंत. न मारल्यावर तळवा कसा दिसतो ते मी स्वतः शिकले, तुम्हाला मान खाली घालायला लावून आणि काकांना खोटं पाडून. त्या पांढऱ्या तळव्यामुळे हे मशीन चाललं, सगळे माझी पाठ थोपटतायत, मलाही आनंद आवरत नाहीये, आणि तरी घास अडकलाय.

हा कागद घरी नेऊन तुमच्या फोटोमागे ठेवायचं ठरवून लिहायला बसले होते. ठेवेनही. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही आता नुसतं ऐकणार. काकांनी काल जाताना ते ताट मागून घेतलं. म्हणाले, खिडकीत ठेवतो, येईल त्याला दाखवतो. मी त्यांना स्टॉपवर नेलं, वाघोलीच्या बसमध्ये बसवून दिलं, ताट त्यांच्या मांडीवर नीट ठेवलं. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. त्याचा चहा होऊन बस सुटेपर्यंत मी काकांच्या खिडकीशी उभी होते. तेवढ्यातही सांगता आलं असतं.